खासगी विमान घेण्यापूर्वी: सोलापूरच्या नवख्या खरेदीदारासाठी कायदा आणि कर

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याची प्रवासी सेवा सुरू झाली. तेव्हापासून माझ्या करसल्लागार कार्यालयात एक प्रश्न अधूनमधून येऊ लागला आहे. पूर्वी तो कोणी विचारत नसे. टॉवेलच्या निर्यातीतले, साखरेतले, डाळिंबाच्या व्यापारातले लोक विचारतात, "चार-सहा आसनांचे विमान घ्यायचे म्हटले, तर काय काय करावे लागेल?" प्रश्न विचारणाऱ्याने बहुतेक वेळा विमानाची किंमत, इंधनाचा खर्च आणि वैमानिकाचा पगार यांचा हिशेब आधीच मांडलेला असतो. कराचा आणि कायद्याचा हिशेब मात्र 'तो सीए बघेल' म्हणून बाजूला ठेवलेला असतो. माझा अनुभव असा आहे की विमानाच्या व्यवहारात हाच हिशेब सर्वांत आधी मांडावा लागतो, कारण इसार दिल्यानंतर त्यातल्या बऱ्याच गोष्टी बदलता येत नाहीत. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी, ज्या क्रमाने निर्णय घ्यावे लागतात त्याच क्रमाने हा लेख लिहिला आहे.

पहिली पायरी: वापर ठरवा आणि तो कागदावर आणा

विमान कशासाठी हवे आहे, या प्रश्नाचे लेखी उत्तर तयार नसेल तर पुढची एकही पायरी चढू नये. विमान स्वतःच्या आणि कुटुंबाच्या प्रवासासाठी हवे, कंपनीच्या कामासाठी हवे, भाड्याने चालवायचे आहे की त्यावर वैमानिक शिकवायचे आहेत, यावर वस्तू व सेवा कराचा दर, भरलेल्या कराची वजावट, घसारा, डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी आणि विम्याचा प्रकार हे सारे अवलंबून असते.

सर्वांत मोठा फरक जीएसटीच्या दरात पडतो. वैयक्तिक वापराच्या विमानावर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के कर आणि त्यावर ३ टक्के भरपाई उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि दर सरळ ४० टक्के झाला. वैयक्तिक वापराव्यतिरिक्तच्या विमानावर मात्र हा दर ५ टक्के आहे. पाच कोटी रुपयांच्या विमानावर, मूळ सीमाशुल्क क्षणभर बाजूला ठेवले तरी, एका बाजूला २ कोटी आणि दुसऱ्या बाजूला २५ लाख रुपये कर उभा राहतो. पावणेदोन कोटींचा हा फरक पाहिला की माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो असा: भाड्याने चालवण्याचा परवाना घेऊ, ५ टक्क्यांत विमान आणू आणि मग घरच्यासाठी वापरू. हा विचार ज्याच्या मनात आला असेल त्याला मी कळकळीने सांगतो की या वाटेने जाऊ नका.

त्यामागचे कारण जुने आहे. २००७ साली विमानांच्या आयातीवर सीमाशुल्क आले आणि बिगर-अनुसूचित, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय भाड्याची, सेवा देणाऱ्यांना वापराच्या हमीपत्रावर त्यातून सूट मिळाली. त्यानंतर त्या हमीपत्राप्रमाणे वापर झाला की नाही यावरून सीमाशुल्क खाते आणि विमानमालक यांच्यात वर्षानुवर्षे खटले चालले. खात्याने उड्डाणांच्या नोंदी मागवल्या, प्रवाशांची नावे पाहिली, पैसे कोणी आणि कशासाठी दिले हे तपासले. काही मालक शेवटी जिंकले, परंतु तोवर त्यांची अनेक वर्षे त्यात गेली होती. अट घालून दिलेल्या सवलतीची अट मोडली तर सीमाशुल्क कायद्याखाली कर, व्याज आणि दंड तर लागतोच, शिवाय विमान जप्तीस पात्र ठरते.

याच्या उलट चूकही होते. विमान कंपनीच्या नावावर आहे, म्हणजे ते वैयक्तिक वापराचे नाही, असे गृहीत धरून ५ टक्के लावणारे सल्लागार मी पाहिले आहेत. डीजीसीएच्या नोंदीत वर्ग खासगी, त्यातून फिरणार संचालक आणि त्यांचे पाहुणे, आणि कर मात्र ५ टक्के, अशी मांडणी वादाला आमंत्रण देणारी आहे. कंपनीचा वापर खरोखर व्यवसायापुरता असेल आणि कमी दराचा दावा करायचा असेल, तर विमान देशात येण्यापूर्वी सीमाशुल्काच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करावा. त्याचे एक कार्यालय मुंबईतच आहे. आपली वस्तुस्थिती प्रामाणिकपणे मांडून मिळवलेला निर्णय हातात असला, तर पुढे कोणी वेगळा अर्थ लावला तरी आपली बाजू भक्कम राहते. विमानासाठी थांबलेल्या माणसाला हे काही महिने जड जातात हे मला ठाऊक आहे, तरीही या एका पायरीवर घाई करू नये असे माझे ठाम मत आहे.

भाड्याचा मुद्दाही इथेच संपवतो. खासगी वर्गात नोंदलेले विमान कोणत्याही मोबदल्यात दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. ओळखीच्या कारखानदाराला मुंबईला सोडले आणि त्याने 'निदान इंधनाचे घ्या' म्हणून पैसे दिले, तरी तो मोबदलाच ठरू शकतो. भाड्याने चालवायचे असेल तर बिगर-अनुसूचित परिचालकाचा परवाना हवा आणि त्यासोबत येणारी माणसे, नियमपुस्तिका, सुरक्षा व्यवस्था आणि तपासण्या हा एक स्वतंत्र व्यवसायच असतो. अशा भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. एका विमानासाठी हा डोलारा उभा करणे परवडते का, याचे उत्तर सोलापुरातल्या बहुतेकांसाठी 'नाही' असेच येईल. वर्षाकाठी वीस-पंचवीस फेऱ्यांपुरती गरज असेल, तर परवानाधारकाकडून विमान भाड्याने घेणे शहाणपणाचे.

दुसरी पायरी: विमान कोणाच्या नावावर

भारतात विमानाची नोंदणी डीजीसीए करते आणि प्रत्येक विमानाला 'व्हीटी' या अक्षरांनंतर तीन अक्षरे मिळतात. भारतीय नागरिकाच्या किंवा भारतात नोंदलेल्या आणि मुख्य कार्यालय भारतात असलेल्या कंपनीच्या मालकीचे विमान 'अ' वर्गात नोंदले जाते. खरेदी स्वतःच्या नावावर केली तर कागद कमी लागतात, पण घसारा आणि खर्चाची वजावट जवळजवळ विसरावी लागते आणि अपघाताची दिवाणी जबाबदारी थेट आपल्या घरादारावर येते. कंपनीच्या नावावर घ्यायचे असेल तर संचालक मंडळाचा ठराव हवा, त्यात खरेदीचे व्यावसायिक कारण लिहिलेले हवे आणि वापराचे धोरणही त्याच बैठकीत मंजूर झालेले असावे. कुटुंबातल्या दुसऱ्या कंपनीकडून विमान घेत असाल तर संबंधित पक्षांच्या व्यवहारांचे नियमही पाळावे लागतात.

दोन-तीन मित्रांनी मिळून विमान घेण्याची कल्पना आपल्याकडे लोकप्रिय आहे. शेतीत भावकी जशी एका बांधावरून कोर्टात जाते, तशी ही भागीदारी पहिल्याच मोठ्या दुरुस्तीवर तुटते. तेव्हा विमान कोणी किती तास वापरायचे, इंजिनाच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक तासामागे किती रक्कम बाजूला काढायची, एकाला बाहेर पडायचे असेल तर किंमत कशी ठरवायची, हे करारात लिहूनच पुढे जावे.

तिसरी पायरी: बोजा आणि क्रमांक तपासा

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना वाचल्याशिवाय इसार देत नाही. विमानाला सातबारा नसतो, पण इतर हक्क असतात. भारतातले विमान असेल तर डीजीसीएच्या नोंदणी प्रमाणपत्रावर गहाण किंवा भाडेपट्टा नोंदलेला आहे का ते पाहावे. विक्रेता कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्या मालमत्तेवरील बोजांची नोंद पाहावी, कारण कंपनीने निर्माण केलेला बोजा तिथे नोंदवणे बंधनकारक असते. अमेरिकेत नोंदलेले विमान असेल तर ओक्लाहोमा सिटी येथील संघीय विमान नोंदणी कार्यालयातून मालकी आणि बोजांचा इतिहास काढून घेता येतो.

मोठ्या विमानांसाठी आणखी एक नोंदवही तपासावी लागते. विमानांवरील सावकारांचे आणि इतरांचे हक्क जपणारा आंतरराष्ट्रीय केपटाऊन करार भारतासाठी २००८ पासून लागू आहे आणि त्याला देशात कायद्याचे बळ देणारा विमान वस्तूंमधील हितसंबंधांच्या संरक्षणाचा अधिनियम २०२५ साली आला. कर्मचाऱ्यांसह किमान आठ माणसे नेण्यास प्रमाणित असलेली विमाने आणि ठरावीक शक्तीवरची इंजिने या करारात येतात. त्यांच्यावरील हक्क आंतरराष्ट्रीय नोंदवहीत नोंदलेले असतात आणि इंजिनाचा हक्क विमानापासून वेगळा असू शकतो. चार आसनी सेस्ना घेणाऱ्याला याची गरज पडत नाही, परंतु दोन इंजिनांचे टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणारे विमान) घेणाऱ्याने ही नोंदवही पाहिलीच पाहिजे. अशा विमानासाठी कर्ज काढलेत तर बँक आपल्याकडून नोंदणी रद्द करण्याचे आणि विमान देशाबाहेर नेण्याचे अपरिवर्तनीय अधिकारपत्र मागेल. त्यावर सही करण्यापूर्वी त्याचा अर्थ समजून घ्यावा: हप्ते थकले तर बँक आपल्या संमतीशिवाय विमानाची नोंदणी रद्द करवून घेऊ शकते.

क्रमांकांची तपासणी कशी करावी हे मी एका प्रसंगावरून शिकलो. एका कारखानदार अशिलासोबत मी एका विमानतळावरच्या हँगरमध्ये वापरलेले सेस्ना १७२ पाहायला गेलो होतो. विमान स्वच्छ होते, रंग नवा होता आणि विक्रेत्याने विक्रीपत्राचा मसुदा पुढे केला होता. आमच्यासोबतच्या अभियंत्याने इंजिनावरचे झाकण उघडून इंजिनाच्या पत्र्यावरचा अनुक्रमांक टॉर्चच्या उजेडात मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मी मसुद्यावर बोट ठेवून तो ताडत गेलो. शेवटचे तीन अंक जुळेनात. नोंदवही मागे चाळली तेव्हा कळले की मूळ इंजिन काढून दुसरे बसवले होते. नव्या इंजिनाची स्वतंत्र नोंदवही विक्रेत्याकडे नव्हती आणि विक्रीपत्रात मात्र जुन्याच इंजिनाचे तास लिहिलेले होते. या जातीच्या इंजिनाची पूर्ण दुरुस्ती साधारण २,००० तासांनी करावी असे उत्पादक सांगतो. आपले इंजिन ३०० तासांवर आहे की १,८०० तासांवर, हे नोंदवहीशिवाय कळणार कसे? त्या दिवशी इसार न देता आम्ही परतलो. मोहोळ येईपर्यंत गाडीत कोणी फारसे बोलले नाही, पण अशिलाने दुसऱ्या दिवशी फोन करून त्या अभियंत्याचे मानधन दुप्पट करायला सांगितले.

म्हणून खरेदीपूर्व तपासणी विक्रेत्याच्या देखभाल संस्थेकडून न करवता स्वतः नेमलेल्या, परवानाधारक अभियंत्याकडून करवून घ्यावी. विमानाच्या सांगाड्याचा, प्रत्येक इंजिनाचा आणि पंख्याचा अनुक्रमांक पत्र्यावर, नोंदवहीत आणि विक्रीपत्रात एकच आहे, याची तिघांनी मिळून खातरजमा करावी. इसाराची रक्कम थेट विक्रेत्याच्या खात्यात न टाकता त्रयस्थाच्या खात्यात ठेवावी आणि तपासणीत दोष निघाल्यास ती परत मिळेल, ही अट करारात असावी.

चौथी पायरी: भारतातून घेणे की परदेशातून आणणे

भारतातल्या विक्रेत्याकडून घेणे नवख्याला सोपे जाते. विक्रेता जीएसटीत नोंदलेला असेल तर तो बीजकात कर लावेल. ते विमान पूर्वी सवलतीच्या दराने, ठरावीक वापराच्या अटीवर आयात झालेले असेल, तर खासगी वापरासाठी विकल्याने विक्रेत्याने सरकारला दिलेली हमी मोडते का हे तपासावे आणि तसे देणे निघाल्यास ते विक्रेता भरेल असे करारात लिहून घ्यावे. मूळ आयातीचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या वेळी सीमाशुल्क खात्याकडे दाखल केलेले विवरण, मागण्यात संकोच करू नये. खरेदीदार व्यवसायाची मागील वर्षाची उलाढाल १० कोटींहून अधिक असेल तर भारतात निवासी असलेल्या विक्रेत्याला पैसे देताना ५० लाखांवरील रकमेवर ०.१ टक्का कर कापून सरकारकडे भरावा लागतो, हे बारीक कलम लेखापालाच्या नजरेतून निसटते. आलिशान वस्तूंच्या विक्रीवर विक्रेत्याने १ टक्का कर गोळा करण्याची जी यादी २२ एप्रिल २०२५ रोजी आली, तिच्यात हेलिकॉप्टर आहे, पण विमानाचे नाव नाही.

परदेशातून आणायचे असेल तर पैसे पाठवण्यापूर्वी आयातीची परवानगी मिळवावी. हा क्रम उलटा झाला तर विमान परदेशातल्या हँगरमध्ये भाडे भरत उभे राहते. भारतात आधीपासून नोंदलेल्या प्रकाराचेच विमान निवडावे, कारण देशात पहिल्यांदाच येणाऱ्या प्रकाराच्या प्रमाणपत्राला डीजीसीएची स्वीकृती मिळवण्याचे काम एकट्या खरेदीदाराच्या आवाक्यातले नसते. जुन्या विमानांच्या आयातीवर वयाची बंधने आहेत, तेव्हा स्वस्त जाहिरात पाहिली की आधी बांधणीचे वर्ष वाचावे.

पैसे अधिकृत बँकेमार्फतच जातील. दोन लाख डॉलरहून अधिक आगाऊ रक्कम पाठवायची असेल तर बँक सर्वसाधारणपणे परदेशी बँकेची हमी मागते आणि माल देशात आल्याचा पुरावा म्हणून पुढे बिल ऑफ एंट्री मागते. कर वाचवण्यासाठी परदेशात कंपनी काढून तिच्या नावावर विमान ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर परकीय चलनाचा कायदा आणि आयकर विवरणपत्रातली परदेशी मालमत्तेची माहिती या दोन्ही गोष्टी समोर ठेवून त्याला प्रश्न विचारावेत.

विमान उडवत आणले तर त्याचे पहिले उतरणे सीमाशुल्क विमानतळावरच व्हावे लागते. म्हणजे आपल्यासाठी ते मुंबई किंवा तसेच एखादे विमानतळ असेल, थेट सोलापूर नव्हे. बिल ऑफ एंट्री विमान पोहोचण्यापूर्वीही दाखल करता येते. शुल्काची गणना अशी होते: विमानाची किंमत, तिच्यात वाहतूक आणि विमा मिळवून येणारे मूल्य, त्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या साऱ्यांच्या बेरजेवर एकात्मिक जीएसटी. रुपयांतले रूपांतर बँकेच्या दराने न होता सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेल्या दराने होते. म्हणून हिशेबात थोडी गुंजाइश ठेवावी.

पाचवी पायरी: नोंदणी आणि उड्डाणयोग्यता

१ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने घेतली आहे. अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए प्रणालीवर ऑनलाइन करायचे असतात. कोणतेही विमान एकाच वेळी दोन देशांत नोंदलेले असू शकत नाही, हा १९४४ च्या शिकागो करारातला नियम आहे. त्यामुळे परदेशी विमानाची तिथली नोंदणी रद्द झाल्याचे पत्र हाती आल्याशिवाय आपली नोंदणी होत नाही. त्यासोबत विक्रीपत्र, सीमाशुल्काचे कागद, मालकाच्या नागरिकत्वाचा किंवा कंपनीच्या नोंदणीचा पुरावा आणि विमा लागतो. विक्रीपत्राचा दस्त महाराष्ट्रात होत असेल तर त्यावरील मुद्रांक शुल्क वकिलाकडून सही करण्यापूर्वीच तपासून घ्यावे.

नोंदणी प्रमाणपत्र विमान कोणाचे हे सांगते, ते उडवता येईल की नाही हे सांगत नाही. त्यासाठी उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र आणि त्याचे दरवर्षीचे पुनरावलोकन लागते. देखभालीची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, म्हणून मान्यताप्राप्त देखभाल व्यवस्थापन संस्थेशी करार विमान येण्यापूर्वीच करावा. सोलापुरात विमान ठेवणार असाल तर अभियंता कुठून येणार, किती तासांत येणार आणि प्रवासखर्च कोणाचा, हे त्या करारात हवे. विमानातल्या रेडिओचा परवाना वेगळा असतो आणि तो नेहमी शेवटच्या आठवड्यात आठवतो.

स्वतः विमान चालवण्याची हौस असेल तर खासगी वैमानिक परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण, वैद्यकीय पात्रता आणि रेडिओ टेलिफोनी परवाना लागतो. बारामती आपल्याला प्रशिक्षणासाठी जवळ पडते. पगारी वैमानिक ठेवायचा असेल तर त्याच्याकडे व्यावसायिक परवाना हवा, कारण खासगी परवान्यावर मोबदला घेऊन उडता येत नाही.

सहावी पायरी: विमानतळ, इंधन आणि विमा

खरेदीपूर्वी होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर प्रत्यक्ष जाऊन तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: आपल्या आकाराच्या विमानाला रात्रभर उभे राहण्यासाठी जागा मिळेल का, विमानतळाच्या कामाच्या वेळा कोणत्या आणि आपल्याला लागणारे इंधन मिळेल का. लहान पिस्टन इंजिनांना एव्हीगॅस (विमानाचे पेट्रोल) लागते, टर्बाइन इंजिनांना एटीएफ (केरोसीनसारखे विमान इंधन) लागते आणि प्रवासी विमानांमुळे एटीएफ आले म्हणून एव्हीगॅस येईलच असे नाही. एटीएफ अजून जीएसटीत नाही. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो आणि त्या कराची वजावट मिळत नाही. उतरण्याचे, उभे राहण्याचे आणि हवाई मार्गदर्शनाचे शुल्क वेगळे. प्रत्येक उड्डाणापूर्वी उड्डाण आराखडा देऊन हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक घ्यावा लागतो.

काही जण आपल्या शेतात धावपट्टी करता येईल का असे विचारतात. जमीन अकृषिक करण्यापासून डीजीसीएच्या मंजुरीपर्यंत आणि भोवतालच्या बांधकामांच्या उंचीपर्यंत हा वेगळाच विषय आहे. उंचीचा प्रश्न किती तापू शकतो हे जून २०२३ मध्ये विमानतळाला अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली तेव्हा आपण सर्वांनी पाहिले आहे. पहिल्याच विमानासोबत हे ओझे घेऊ नये.

विम्यात विमानाचे नुकसान, त्रयस्थाची हानी आणि प्रवाशांची जबाबदारी हे तिन्ही भाग असावेत. परदेशातून आणतानाच्या उड्डाणाचे संरक्षण वेगळे घ्यावे. विमापत्रात लिहिलेला वापर आणि प्रत्यक्ष वापर यांत फरक पडला तर दावा तिथेच अडतो.

सातवी पायरी: जीएसटीची वजावट आणि आयकर

विमानावर भरलेल्या जीएसटीची वजावट कायद्याने अडवलेली आहे. विमानाची पुढे विक्री करणे, प्रवासी वाहतूक करणे, उड्डाणाचे प्रशिक्षण देणे किंवा मालवाहतूक यांसाठी विमान वापरले, तरच ती मिळते. ज्या विमानावरची वजावट अडलेली आहे त्याच्या विम्यावर, दुरुस्तीवर आणि देखभालीवर भरलेला जीएसटीही त्याच नियमाने अडतो. टॉवेलच्या निर्यातीवर परतावा मिळतो म्हणून त्यात विमानाचा कर मिसळून टाकणे हे सरळसरळ चुकीचे विवरण ठरते आणि ते तपासणीत सहज सापडते.

जी वजावट मिळत नाही, तो कर विमानाच्या किमतीत मिळवून त्यावर घसारा घेता येतो. ५ कोटींचे विमान आणि २ कोटींचा कर मिळून पुस्तकी किंमत ७ कोटी होते. आयकर नियम १९६२ मध्ये विमानासाठी घसाऱ्याचा दर ४० टक्के होता, त्या दराने पहिल्या वर्षी २ कोटी ८० लाख. परंतु त्या वर्षात विमान १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर निम्माच, १ कोटी ४० लाख, घसारा मिळतो. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या अलीकडे किंवा पलीकडे विमान वापरात येणे यात मोठा फरक आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या कलमांचे तयार तक्ते वापरू नयेत.

वैयक्तिक वापराच्या प्रमाणात घसारा आणि खर्च नामंजूर होतो. वर्षात १२० तास उड्डाण झाले आणि त्यातले ३० तास घरच्या कामाचे असतील, तर एक चतुर्थांश भाग वगळणे हा समर्थनीय हिशेब आहे. संचालकाने कुटुंबासह कंपनीच्या विमानातून लग्नाला जाणे म्हणजे त्याला मिळालेला लाभ आहे आणि तो त्याच्या उत्पन्नात करपात्र होतो. वंदे भारत असताना मुंबईला विमान कशाला, असे अधिकारी विचारतील. खर्च गरजेचा होता की नाही हे ठरवणे व्यावसायिकाच्या हाती आहे, हे न्यायालयांनी मान्य केले आहे. खर्च पूर्णपणे व्यवसायासाठीच होता, हे मात्र आपल्यालाच सिद्ध करावे लागते.

ते सिद्ध करते एक साधी वही. माझ्या अशिलांना मी वैमानिकाच्या प्रवासनोंदीपेक्षा वेगळी, कार्यालयात ठेवायची पाच रकान्यांची नोंदवही करून देतो: तारीख, कुठून कुठे, किती तास, आत कोण कोण आणि कशासाठी. शेवटच्या रकान्यात 'मीटिंग' एवढाच शब्द मी चालू देत नाही. 'न्हावाशेवा बंदरात अडकलेल्या कंटेनरबाबत एजंटशी चर्चा, सोबत निर्यात व्यवस्थापक' असे लिहावे आणि त्या भेटीचा ईमेल छापून मागे लावावा. नोंद त्याच संध्याकाळी व्हावी. मार्चअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली वही कोणालाही ओळखू येते.

पुढे विकताना

घसारा घेतलेले विमान उरलेल्या पुस्तकी किमतीपेक्षा जास्त किमतीला विकले गेले आणि एकाच दराने घसारा मिळणाऱ्या मालमत्तांच्या त्या गटात दुसरी मालमत्ता नसेल, तर फरक अल्पकालीन भांडवली नफा म्हणून करपात्र होतो. विक्रीवर जीएसटी लागू होतो का हे त्या वेळी विमानाचा वापर आणि घेतलेली वजावट पाहून ठरवावे लागते. मालक बदलताच जुने नोंदणी प्रमाणपत्र पुढे चालत नाही, म्हणून विक्रीपत्रावर सही होताच डीजीसीएला कळवावे, बँकेचा बोजा उतरवल्याचे पत्र जोडावे, विमा कंपनीला सूचना द्यावी आणि नव्या मालकाच्या नावाचे प्रमाणपत्र येईपर्यंत विमान जमिनीवरच ठेवावे.